आमिश समाजाचे स्तोत्रगायन : स्वरलिपीविना टिकलेला साडेचारशे वर्षांचा वारसा

उत्तर अमेरिकेतील आमिश ख्रिस्ती समाज साधारणतः एक रविवार सोडून एक, असा आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी, तळघरात किंवा धान्याच्या कोठारात उपासनेसाठी जमतो. त्यांच्याकडे चर्चची वास्तू नाही, ऑर्गन नाही, तयार केलेला गायकवृंदही नाही. हातातल्या जाडजूड गीतपुस्तकात शब्द आहेत. स्वर मात्र एकही छापलेला नाही. तरीही सोळाव्या शतकात, त्यातली कित्येक तर तुरुंगाच्या कोठडीत रचली गेलेली गीते हा समाज आजही गातो. ज्या पुस्तकातून ती गायली जातात त्याचे नाव ‘आउसबुंड’. निवडक गोष्टींचा संग्रह, असा त्या जर्मन शब्दाचा अर्थ. प्रोटेस्टंट पंथीयांच्या गीतसंग्रहांपैकी अखंड वापरात राहिलेला सर्वांत जुना संग्रह म्हणून तो ओळखला जातो.

घोड्याच्या बग्गीतून प्रवास करणारे, घरात सार्वजनिक वीज न घेणारे, साध्या एकरंगी पोशाखातले लोक एवढीच आमिशांची ओळख बाहेरच्या जगाला असते. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगणा, ओहायोतील होम्स परगणा आणि इंडियानाचा उत्तर भाग या त्यांच्या मोठ्या वस्त्या असून लहानमोठी मुले धरून त्यांची संख्या आज चार लाखांच्या घरात आहे. पर्यटकांना बग्गी दिसते, गोधड्या आणि लोणची-मुरंबे विकत घेता येतात. गायन मात्र त्यांच्या कानी सहसा पडत नाही, कारण ते श्रोत्यांसाठी नसतेच. या समाजाच्या साऱ्या वारशात सर्वांत जुनी आणि सर्वांत नाजूक वस्तू कोणती असेल तर ती हे गायन होय. पुस्तक जळाले तर पुन्हा छापता येते. पण एकत्र बसून गाण्याचा नेम मोडला, तर चाल परत मिळविण्यासाठी हात घालावा असे ठिकाण दुसरे कोठेही नाही.

या गीतांचा उगम धर्मसुधारणेच्या काळातील एका उपेक्षित चळवळीत आहे. जानेवारी १५२५ मध्ये झुरिक येथे कॉनराड ग्रेबेल, फेलिक्स मान्झ, जॉर्ज ब्लाउरोक आदी मंडळींनी प्रौढपणी, स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा हा त्या मुलाचा निर्णय नसतो, म्हणून तो खरा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. शस्त्र धरणे आणि शपथ घेणे यांसही या चळवळीतील पुष्कळांचा नकार होता. विरोधकांनी त्यांना ‘अ‍ॅनाबॅप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, असे नाव ठेवले. रोमन कॅथलिक राजे आणि प्रोटेस्टंट नगरशासने यांचे एरवी कशावरही एकमत होत नसे; पण या लोकांचा बंदोबस्त केला पाहिजे, यावर झाले. जानेवारी १५२७ मध्ये मान्झला झुरिकच्या लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. त्याच वर्षी मिखाएल झाटलर याला आणि १५२९ साली ब्लाउरोक याला जाळण्यात आले. १५२९ मध्येच श्पायर येथील साम्राज्यसभेने पुनर्बाप्तिस्म्याला देहान्ताची शिक्षा ठरवून दिली. या तिघांच्याही नावावर असलेली गीते आउसबुंडमध्ये आहेत.

या पुस्तकाचा गाभा मात्र पासाउ नावाच्या गावी तयार झाला. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावाच्या माथ्यावर तेथील बिशपचा किल्ला आहे. मोरेव्हियातून हाकलले गेलेले अ‍ॅनाबॅप्टिस्ट १५३५ साली आपल्या मूळ मुलखाकडे परतत असता पासाउ येथे पकडले गेले आणि या किल्ल्याच्या कोठड्यांत डांबले गेले. कित्येकांची सुटका व्हायला १५४० उजाडले. काही जण आतच मरण पावले. या कैदेत त्यांनी पन्नासाहून थोडी अधिक गीते रचली. त्यांतील सर्वाधिक गीते ज्याच्या नावावर आहेत तो हान्स बेट्झ हा व्यवसायाने विणकर होता आणि कैदेतच वारला. ही गीते १५६४ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. १५८३ च्या आवृत्तीत त्यांना इतर हुतात्म्यांवरील गीतांची जोड मिळाली आणि ‘आउसबुंड’ हे नाव पडले.

हे पुस्तक जवळ बाळगणे ही दीर्घकाळ धोक्याची गोष्ट होती. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या शासनाने ते जप्त करण्याचे हुकूम काढले होते. अमेरिकेत पहिली आवृत्ती निघाली ती १७४२ साली, पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाऊन येथे ख्रिस्तोफ झाउर याच्या छापखान्यातून. आज आमिश कुटुंबांत वापरला जाणारा ग्रंथ त्याच परंपरेतला असून त्यात एकूण १४० गीते आहेत. प्रत्येक गीताच्या डोक्यावर ‘अमक्या गाण्याच्या चालीवर’ एवढीच सूचना असते. आपल्याकडील कीर्तनकार आणि नाट्यपदांचे रचनाकार यांची चाल सांगण्याची रीत अगदी अशीच होती. फरक इतकाच की, ज्या गाण्यांची नावे आउसबुंडमध्ये दिली आहेत त्यांपैकी पुष्कळ गाणी आता मूळ रूपात कोणीच गात नाही. त्यांत सोळाव्या शतकातील शृंगारिक आणि वीररसाची लौकिक गाणीही होती. सूचना उरली आणि सुचविलेले गाणे नाहीसे झाले, अशी ही स्थिती आहे.

गीतांचा आशय जड आहे. एकेक गीत वीस, तीस किंवा त्याहूनही अधिक कडव्यांचे असते. अटक, उलटतपासणी, छळ, शेवटचा निरोप हे सारे त्यात बारकाईने सांगितलेले असते. शेवटचे, १४० वे गीत हान्स हास्लिबाखर या बर्नच्या मुलखातील वृद्ध शेतकऱ्याचे आहे. त्याचा १५७१ मध्ये शिरच्छेद झाला. आपल्या निरपराधीपणाच्या तीन खुणा दिसतील, असे तो आधीच सांगतो: तुटलेले मस्तक आपल्याच टोपीत उडी घेऊन हसेल, सूर्य रक्तासारखा लाल होईल आणि गावच्या कारंज्यातून रक्त वाहील, आणि गीतानुसार घडतेही तसेच. इतिहास आणि लोककथा येथे एकमेकींत मिसळल्या आहेत. पोवाड्याशी परिचय असलेल्या वाचकाला हा प्रकार परका वाटणार नाही. मात्र येथे नायक तलवार चालवत नाही, ती मानेवर घेतो.

आमिश हा वेगळा पंथ झाला तो १६९३ मध्ये. याकोब आमान नावाच्या उपदेशकाने शिस्तीचा, विशेषतः समाजबाह्य ठरविलेल्या व्यक्तीशी संबंध तोडण्याचा, आग्रह धरला आणि स्विस व आल्सासमधील अ‍ॅनाबॅप्टिस्ट मंडळ्या दुभंगल्या. आमानच्या अनुयायांना त्याच्याच नावावरून ‘आमिश’ म्हणू लागले. त्यांचे चुलत पंथबंधू म्हणजे मेनोनाइट. त्यांच्या अमेरिकन मिशनचे लोक १८९९ साली धमतरी येथे, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रांतात, येऊन राहिले. जुन्या वळणाचे आमिश मात्र धर्मप्रसाराच्या वाटेला गेले नाहीत. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले आणि तेथून पश्चिमेकडे पसरले. युरोपात जे मागे राहिले ते हळूहळू मेनोनाइटांत विरून गेले. जर्मनीतील इक्सहाइम येथील शेवटची आमिश मंडळी १९३७ मध्ये शेजारच्या मेनोनाइट मंडळीत विलीन झाली. गीतांची जन्मभूमी युरोप. पण ती जुन्या रीतीने गाणारा समाज तेथे उरला नाही.

उपासनेच्या दिवशी मंडळीच्या मालकीची एक बंद गाडी यजमानाच्या दारात आधीच येऊन उभी असते. पाठ नसलेली लाकडी बाके आणि गीतपुस्तके यांनी ती भरलेली असते. पुरुष एका बाजूस, स्त्रिया दुसऱ्या बाजूस बसतात. सुमारे तीन तासांची उपासना गीतानेच सुरू होते. पहिले गीत चालू असताना धर्मसेवक उठून दुसऱ्या खोलीत जातात. आज कोणी कोणते प्रवचन करावयाचे, मंडळीत काही प्रश्न आहे काय, याचा विचार तेथे होतो. ते परत येईपर्यंत इतरांनी गात राहावयाचे असते. म्हणजे दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे गायन धर्मगुरूंच्या गैरहजेरीत, शेतकरी, सुतार आणि गृहिणी यांच्याच भरवशावर चालते.

गाण्यास आरंभ करणाऱ्याला जर्मनमध्ये ‘फोरझेंगर’, म्हणजे अग्रगायक, म्हणतात. हे पद नव्हे आणि त्याला मानधनही नाही. मंडळीतील ज्याला चाल नीट येते असा कोणीही पुरुष ते काम करतो. तो गीताचा क्रमांक सांगतो आणि प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर एकटाच गातो. ते अक्षर म्हणजे एक सूर नव्हे. चार-सहा स्वरांवरून वर-खाली फिरून येणारी छोटी हरकत असते. दुसऱ्या अक्षरापासून सारी मंडळी त्याला येऊन मिळते. ओळ संपली की सगळे थांबतात आणि पुढच्या ओळीचे पहिले अक्षर पुन्हा त्या एकाच्या गळ्यातून निघते. पुढे कोठे वळावयाचे, कोणत्या उंचीवर जावयाचे, हे त्या एका अक्षरातून सर्वांना कळते.

लय इतकी विलंबित असते की भाषा जाणणाऱ्यालाही शब्द ओळखणे अवघड जाते. ठोका नाही, ताल नाही. एकेका अक्षरावर अनेक स्वर येतात आणि ते तुटक न येता घसरत, मींडेने जोडले जातात. पुरुष खालच्या सप्तकात, स्त्रिया वरच्या सप्तकात, पण चाल एकच. श्वास जो तो आपल्या सोयीने घेतो, त्यामुळे ओळीच्या मध्यावर शांतता अशी पडतच नाही. कोणाचाही आवाज इतरांच्या वर निघू नये, असा संकेत आहे. उत्तम गळा असलेल्याने तो दाखविणे हे येथे कौतुकास्पद नसते, किंचित लाजिरवाणे असते.

उपासनेतील दुसरे गीत ठरलेले आहे. ते म्हणजे आउसबुंडमधील १३१ वे गीत, ‘लोबलीड’ अर्थात स्तुतिगीत. डच मेनोनाइट लेनार्ट क्लॉक याची ही रचना हुतात्म्यांची कथा सांगत नाही. आम्हांला तुझे वचन सांगता येवो आणि ऐकणाऱ्यांना ते स्वीकारता येवो, अशा अर्थाची ती साधी प्रार्थना आहे. कडवी अवघी चार आणि प्रत्येकात ओळी सात. या अठ्ठावीस ओळींना काही वस्त्यांत दहा-बारा मिनिटे लागतात, काहींत वीस आणि अतिशय कर्मठ गटांत त्याहूनही अधिक. मंडळी जितकी जुन्या वळणाची तितके तिचे लोबलीड संथ, असा ढोबळ नियम अभ्यासकांनी नोंदविला आहे. टोपीच्या कडेची रुंदी, बग्गीचा रंग यांवरून आमिशांचे पोटगट ओळखता येतात. घड्याळ लावून गीत ऐकले तरी ते ओळखता येतील, असे म्हणावयास हरकत नाही. एका रविवारी जेथे जेथे आमिश उपासना असते तेथे तेथे हेच गीत दुसऱ्या क्रमांकावर असते. परगावाहून आलेल्या पाहुण्याला म्हणूनच ते परके नसते. वेग तेवढा सांभाळून घ्यावा लागतो.

गायन इतके संथ का, याला समाजाचे स्वतःचे एक उत्तर आहे. पूर्वज तुरुंगात गात असता पहारेकरी त्या चालींवर नाचू लागले. तेव्हा नाचताच येऊ नये म्हणून त्यांनी लय लांबविली, अशी आख्यायिका सांगतात. तिला कागदोपत्री आधार नाही, पण अपमान गिळून गाणे वाचविण्याची ती कल्पना या समाजाच्या स्वभावाला फार जुळते. अभ्यासकांचे उत्तर वेगळे आहे. जॉर्ज पुलन जॅक्सन यांनी १९४५ मध्ये या गायनावर लेख लिहून असे मांडले की, या लांबलचक चालींच्या पोटात जुन्या लौकिक लोकगीतांच्या चाली दडलेल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या गाताना मूळच्या स्वरांमध्ये आणखी स्वर भरत गेले. पुढे ब्रुनो नेट्ल यांनी १९५७ मध्ये, केंद्रापासून दूर पडलेल्या समाजात जुन्या कला कशा तग धरून राहतात, याचे उदाहरण म्हणून आमिश गीतांचा विचार केला. निकोलस टेम्परली यांनी १९८१ च्या निबंधात प्रश्न अधिक व्यापक केला. वाद्य नाही, स्वरलिपी नाही, गायनाचा शिक्षक नाही अशा कोणत्याही मंडळीत शतकभर असेच घडते, असे त्यांनी दाखविले. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या सुराची वाट पाहतो, त्यामुळे लय मंदावते, आणि लय मंदावली की रिकाम्या जागा स्वरांनी भरून निघतात. इंग्लंडमधील खेड्यांतली जुनी चर्चे आणि अठराव्या शतकाच्या आरंभापूर्वीचे न्यू इंग्लंड येथे ही रीत होती. न्यू इंग्लंडमध्ये १७२० च्या दशकात सुशिक्षित पाद्र्यांनी ‘नियमानुसार गायना’ची मोहीम काढून ती हटविली. इतरत्र जे अज्ञान म्हणून पुसून टाकले गेले, ते आमिशांनी वारसा म्हणून ठेवले.

टेम्परलींचे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे, कारण ते गाण्याच्या मुळाशी असलेली गोष्ट दाखविते: ही लय कोणी ठरविलेली नाही, ती एकमेकांसाठी थांबण्यातून तयार झाली आहे. नम्रता आणि स्वतःला मंडळीच्या स्वाधीन करणे याला आमिश ‘गेलासेनहाइट’ म्हणतात आणि त्याच्या उलट वृत्तीला ‘होखमूट’, म्हणजे गर्व. उपासनेत दोन-चार निरनिराळ्या सुरांचे मिश्रण करून गाणे वर्ज्य आहे ते याच कारणाने. वेगळा सूर धरला की वेगळी व्यक्ती ऐकू येते. वाद्य का नको, याचे उत्तरही तेच.

हे गायन कागदावर उतरविण्याचे प्रयत्न झाले आहेत. अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९३८ मध्ये इंडियानातील गोशेन येथे आमिश गीतांचे ध्वनिमुद्रण केले. आमिश घरात वाढलेले आणि पुढे संगीतशिक्षक झालेले जोसेफ योडर यांनी १९४२ मध्ये ‘आमिशे लीडर’ हा स्वरलिपीसह संग्रह प्रसिद्ध केला. संशोधकांच्या दृष्टीने तो अमोल आहे. पण त्याला उपासनेत स्थान मिळाले नाही, आणि ते मिळणे कठीणच होते. स्वरलिपी एका गावची एक चाल पक्की करते. आमिशांच्या दृष्टीने चाल ही ज्या त्या मंडळीची असते आणि ती बापाशेजारी बसून शिकावयाची असते. लहान मुले तीन तास त्या बाकांवर बसतात तेव्हा त्यांचे हेच शिक्षण चालू असते. काही वस्त्यांत कठीण चालींच्या सरावासाठी लोक मुद्दाम संध्याकाळी जमतात. ज्या चाली क्वचितच गायल्या जातात त्या प्रथम विसरल्या जातात. १४० गीते छापलेली असली तरी प्रत्यक्षात गायली जाणारी त्याहून पुष्कळ कमी आहेत, हे त्यामुळेच.

भाषेचाही प्रश्न आहे. घरात बोलतात ती पेनसिल्व्हेनिया डच नावाची जर्मन बोली, शाळेत आणि बाजारात इंग्रजी, आणि गीते आहेत जुन्या वळणाच्या ग्रांथिक जर्मनमध्ये, तीही गॉथिक टंकात छापलेली. हे टंक वाचावयास आमिश शाळांत शिकवितात. आठवीनंतर मुलांना शाळेतून काढण्याचा त्यांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मान्य केला. त्या आठ वर्षांत जी जर्मन येते तीवर पुढचे सारे गायन उभे राहते. उच्चार येतो, अर्थ हळूहळू उमगतो. काहींना संपूर्ण अर्थ आयुष्यभर लागत नाही, तरी ते गातात.

तरुणांचे गाणे निराळे असते. रविवारी सायंकाळी सोळा वर्षांपुढची अविवाहित मुले-मुली एखाद्या घरी जमतात. लांब टेबलाच्या एका बाजूस मुले, दुसऱ्या बाजूस मुली. येथे जाड पुस्तक नसते, ‘उनपार्टाइशे लीडरझामलुंग’ हे लहान पुस्तक असते. लोक त्याला नुसते ‘बारीक पुस्तक’ म्हणतात. चाली जलद, परिचित, पुष्कळदा इंग्रजी प्रार्थनागीतांच्या. मुलीही गीत सुरू करतात आणि काही ठिकाणी निरनिराळ्या सुरांत गाणेही चालवून घेतले जाते. कार्यक्रम संपल्यावर एखादा तरुण एखाद्या मुलीला आपल्या बग्गीतून घरी पोचवितो. कित्येक विवाहांची सुरुवात येथे होते. वडीलधाऱ्यांना या जलद गाण्यांची काळजी वाटते, पण ती बंद केली जात नाहीत. बाप्तिस्मा आणि लग्न झाल्यावर हीच मुले बाकांवर बसून जाड पुस्तक उघडतात. आमिश घरांत जन्मलेल्यांपैकी बहुसंख्य मुले प्रौढपणी याच समाजात राहणे पसंत करतात. त्यावरच या चालींचे भवितव्य अवलंबून आहे.

सगळे आमिश एकसारखे गातात, असे मात्र नाही. इंडियानातील अ‍ॅडम्स परगण्यातले स्विस वंशाचे आमिश घरगुती मेळाव्यांत आल्प्सच्या डोंगराळ मुलखातले योडेल गातात. छातीच्या आणि टाळूच्या आवाजांत झटकन उडी घेणारा तो गायनप्रकार उपासनेतील संथ गायनाच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, आणि तरी तोही पूर्वजांबरोबर जहाजातूनच आला.

मृत्यूच्या प्रसंगी मात्र हे गायन थांबते. लँकेस्टर परगण्यातील आमिशांच्या अंत्यविधीत गीत गायले जात नाही, वाचले जाते. दफनभूमीत पुरुष फावड्याने माती लोटत असतात आणि धर्मसेवक कबरीशेजारी उभा राहून गीताची कडवी एकामागून एक, चालीशिवाय, साध्या आवाजात वाचत जातो.